गणिताच्या पदवीचा जमाखर्च कसा मांडावा

गणिताच्या पदवीला किती खर्च येतो असं विचारलं की उत्तरात फीचा आकडा येतो. पण फार महागडी विद्यापीठं सोडली, तर पूर्ण वेळ शिकणाऱ्याच्या हिशेबात फी ही सर्वांत मोठी ओळ नसते. सर्वांत मोठी ओळ असते त्या वर्षांत न मिळवलेल्या पगाराची, आणि ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते. मिळकतीच्या बाजूलाही तसंच होतं. चाळीस वर्षांचा जादा पगार सरळ बेरीज करून मोठा आकडा दाखवला जातो आणि तो वीस-तीस वर्षांनी हातात येणार आहे हे कुणी विचारात घेत नाही.

खालचा हिशेब कोणत्याही चलनात चालावा म्हणून एककांत मांडला आहे. पदवी नसताना तुम्हाला आज खरोखर मिळू शकेल अशा नोकरीचा, कर वजा जाता हातात येणारा वर्षाचा पगार म्हणजे १००. बाकी सगळे आकडे त्याच्या प्रमाणात. महागाई बाजूला ठेवून सगळं आजच्या किमतीत मोजायचं. एक स्प्रेडशीट आणि एक संध्याकाळ पुरते.

आधी समोरचा पर्याय लिहा

‘पदवी घेतली तर’ याच्यासमोर ‘नाही घेतली तर’ हा रकाना रिकामा ठेवला, की हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. त्या रकान्यात तुमचा खरा दुसरा पर्याय हवा. संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राला प्रवेश मिळत असेल, तर गणिताची तुलना बारावीनंतरच्या नोकरीशी करून काही कळत नाही. तिथे दोन पदव्यांतला फरक मोजायचा, आणि तो बहुतेकदा बराच लहान निघतो.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. गणिताच्या पदवीधरांचा सरासरी पगार आणि इतरांचा सरासरी पगार यांतला सगळा फरक पदवीने दिलेला नसतो. जी मुलं गणित घेतात आणि ते पूर्ण करतात, ती आकड्यांत आधीपासूनच पक्की असतात. दुसरं काही शिकली असती तरी सरासरीपेक्षा जास्त कमावती झाली असती. शिवाय अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला मुद्दा आहेच, की पदवी काही अंशी फक्त खूण (सिग्नल) असते: मालकाला उमेदवाराची कुवत आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे बघतो. तुमच्या खिशाला फरक खुणेमुळे पडला की शिक्षणामुळे, याने काही बिघडत नाही. पण तुमच्या मूळ कुवतीमुळे पडलेला फरक पदवीच्या खात्यात जमा करू नका. नेमका किती वजा करायचा याचं सूत्र नाही. आम्ही दिसणाऱ्या फरकाचा एकतृतीयांश कापून हिशेब पुन्हा करतो. उत्तर तरीही होकारार्थी राहिलं, तर पाया भक्कम समजायचा.

खर्चाच्या चार ओळी

तीन वर्षांचा अभ्यासक्रम धरू. वर्षाची फी ४०. पुस्तकं, परीक्षा, प्रवास मिळून ५. राहण्याखाण्याचा जादा खर्च १५. इथे ‘जादा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण जेवण आणि छप्पर नोकरी करतानाही लागलंच असतं. घरी राहून लागला असता त्याच्या वरचा भागच मोजायचा. चौथी ओळ बुडालेल्या पगाराची: १०० मधून सुट्ट्यांतल्या आणि अर्धवेळ कामाचे २० वजा करून ८०. एकूण वर्षाला १४०, तीन वर्षांत ४२०. त्यात फीचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

शिष्यवृत्ती फीमधून वजा करा, पण तिच्या अटी वाचून. बऱ्याच शिष्यवृत्त्या ठरावीक गुण राहिले तरच पुढच्या वर्षी चालू राहतात, आणि गणितात पहिल्या वर्षी गुण घसरणं फार सामान्य आहे. तिन्ही वर्षांची शिष्यवृत्ती खात्रीची धरू नका.

एका बाबतीत गणित स्वस्त आहे. प्रयोगशाळा नाही, रसायनं नाहीत, उपकरणं नाहीत. पायथॉन, आर, ऑक्टेव्ह, सेज, लेटेक ही आकडेमोडीची आणि गणित टाइप करण्याची साधनं फुकट मिळतात आणि अभ्यासक्रमाला लागणारं जवळजवळ सगळं त्यांत होतं. महागडा लॅपटॉप किंवा विकतचं सॉफ्टवेअर लागेल असं कुणी सांगितलं, तर कोणत्या विषयासाठी ते विचारा.

मिळकत आणि तिची आजची किंमत

समजा पदवीनंतर कर वजा जाता वर्षाला ४५ एकक जास्त मिळतात, आणि तसे ४० वर्षं मिळत राहतात. सरळ बेरीज १,८००. त्यातून ४२० गेले, शिल्लक १,३८०. जाहिरातीत दिसतो तो हाच आकडा.

आता पुढच्या पैशाला बट्टा लावा, म्हणजे तो जितका उशिरा येणार तितकी त्याची आजची किंमत कमी धरा. महागाई सोडून ५ टक्के दर धरला, तर वर्षअखेरीस मिळणाऱ्या १ एककाच्या ४० वर्षांच्या मालिकेची किंमत १७.१६ होते. म्हणजे ४५ च्या मालिकेचे ७७२. पण ही किंमत पदवी हातात येते त्या दिवसाची झाली. आजवर आणायला तिला १.०५ च्या घनाने, म्हणजे १.१५७६ ने भागायचं: ६६७. खर्च दर वर्षाच्या सुरुवातीला होतो असं धरलं तर तो १४० गुणिले २.८५९, म्हणजे ४००. शिल्लक २६७. १,३८० चे २६७ झाले आणि आपण एकही आकडा निराशेने लिहिलेला नाही.

दर ८ टक्के केला की शिल्लक ३६ वर येते. ९ टक्क्यांना उणे १२. म्हणजे या उदाहरणातली पदवी पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास परतावा देणारी गुंतवणूक आहे. उलट बाजूनेही विचारता येतं: ५ टक्के दराने फक्त खर्च भरून यायला वर्षाला किती जादा मिळायला हवं? ४०० भागिले १४.८२, म्हणजे २७. पदवीमुळे तुमचा पगार दर वर्षी किमान २७ ने वाढेल का, हा प्रश्न ‘गणिताला भविष्य आहे का’ यापेक्षा कितीतरी सोपा आहे. त्याचं उत्तर शोधता येतं.

स्प्रेडशीटमध्ये एक नेहमीचा खड्डा आहे. एनपीव्ही हे आजची निव्वळ किंमत काढणारं फंक्शन पहिली रक्कमही वर्षाच्या शेवटी आली असं समजतं. पहिल्या वर्षाची फी तर आज भरायची आहे. म्हणून पहिली रक्कम फंक्शनच्या बाहेर ठेवून वेगळी वजा करा आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या रकमा आत द्या. आयआरआर या परताव्याचा दर काढणाऱ्या फंक्शनला ही अडचण नाही, त्याला सगळी मालिका सरळ देता येते.

४५ चा फरक पहिल्या दिवसापासून मिळेल हेही फार उदार झालं. पदवीधराचा पगार सुरुवातीला थोडाच जास्त असतो, अंतर नंतर वाढतं. अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांचं १९७४ चं पगाराचं प्रसिद्ध समीकरण अनुभवाच्या वर्षांसोबत त्यांचा वर्गही धरतं ते याचसाठी, की पगार आधी झपाट्याने चढतो आणि मग चढण कमी होते. पहिली दहा वर्षं फरक २० आणि पुढची तीस वर्षं ५३.३ धरून पाहा. बेरीज तीच, १,८०० च्या आसपास. शिल्लक मात्र २६७ ऐवजी १६८.

सर्वांत महाग चूक: एक जादा वर्ष

हा भाग सगळ्यांत सावकाश वाचावा, कारण गणितात तो इतर विषयांपेक्षा जास्त लागू पडतो.

विषय राहिले आणि तीनची चार वर्षं झाली असं समजा. चौथ्या वर्षाचे १४० म्हणजे आजच्या किमतीत १२१. कमाई एक वर्ष उशिरा सुरू होते आणि नोकरीची वर्षं ३९ उरतात. तिची किंमत ६६७ वरून ६३० होते. शिल्लक २६७ ची १०९. एका वर्षाने नफ्याचा जवळजवळ साठ टक्के भाग खाल्ला. फीमध्ये दहा टक्के सवलत मिळवायला महिनाभर खटपट केली, तरी तिन्ही वर्षांचे मिळून ११ च वाचतात. तेवढीच खटपट पहिल्या सत्रात नापास न होण्यासाठी केली, तर दहापट फायद्याची.

अभ्यास मधेच सोडण्याचंही असंच. पूर्ण होण्याची शक्यता ७० टक्के धरा, आणि उरलेले ३० टक्के दोन वर्षांचा खर्च करून रिकाम्या हाताने बाहेर पडतात असं धरा. अपेक्षित शिल्लक: ०.७ गुणिले २६७, वजा ०.३ गुणिले २७३. म्हणजे १०५.

गळती होते कुठे? बहुतेकदा पहिल्या दोन सत्रांत, आणि कारण आळस नसतं. शाळेतलं गणित म्हणजे रीत लक्षात ठेवून उत्तर काढणं. विद्यापीठात वास्तव विश्लेषण आणि अमूर्त बीजगणित सुरू झालं की उत्तर आधीच दिलेलं असतं आणि ते का खरं आहे हे लिहून दाखवायचं असतं. सीमेची (लिमिटची) एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या पाठ होते, वापरता येत नाही. शाळेत शंभरपैकी नव्वद मिळवणारे इथे अडखळतात आणि त्यांना का अडखळलो हेच कळत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी सहा आठवड्यांची चाचणी घ्या. सिद्धता लिहायला शिकवणारं प्राथमिक पुस्तक घ्या, रोज एक तास बसा. २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे, मूळ संख्या अनंत आहेत, पहिल्या n नैसर्गिक संख्यांच्या बेरजेचं सूत्र गणिती विगमनाने, दिलेली क्रमिका अभिसारी आहे: अशा गोष्टी पुस्तक मिटवून कोऱ्या कागदावर लिहा आणि दोन दिवसांनी स्वतःच तपासा. सहा आठवड्यांनी एका अनोळखी विधानावर अर्धा तास न कंटाळता डोकं लावता येत असेल, तर ७० च्या जागी ९० लिहायला हरकत नाही. रोज उत्तर बघायची घाई होत असेल, तर ५० लिहा आणि हिशेब पुन्हा करा. प्रवेश परीक्षेतल्या गुणांपेक्षा ही चाचणी जास्त सांगते असं आमचं मत आहे.

पगाराचे आकडे वाचताना

४५ हा आकडा आणायचा कुठून? काही देशांत सरकारच विषयवार आणि संस्थावार उत्पन्न प्रसिद्ध करतं. अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्ड आहे; त्यातली उत्पन्नाची माहिती केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरती असते, हे विसरू नये. इंग्लंडमध्ये शिक्षण आणि कराच्या नोंदी जोडून पदवीनंतर १, ३ आणि ५ वर्षांनी लोक किती कमावतात ते दाखवलं जातं. अशी सोय असेल तिथे तीच वापरा. नसेल तिथे संस्थेच्या माहितीपत्रकावर भागवावं लागतं, आणि तिथे छेद विचारायचा. वर्गात १२० विद्यार्थी, नोकरीसाठी नाव नोंदवलं ६० जणांनी, नोकरी मिळाली ४५ जणांना. माहितीपत्रकात ७५ टक्के येतं. १२० ने भागलं तर साडेसदतीस. उरलेल्यांतले किती पुढे शिकायला गेले आणि किती घरी बसले, हे स्वतंत्रपणे विचारा.

सरासरीऐवजी मध्यक मागा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. दहा पदवीधरांचे पगार ९०, ९५, १००, १०५, ११०, ११५, १२०, १३०, १८० आणि ४५५ असतील, तर सरासरी १५० येते आणि मध्यक ११२.५. दहापैकी आठ जण सरासरीच्या खाली. गणितात ही ओढाताण जास्तच असते, कारण एकाच पदवीतून कुणी शाळेत शिकवायला जातो आणि कुणी वित्तसंस्थेत जोखमीची प्रारूपं बांधतो. ‘सर्वांत मोठा पगार’ हा आकडा तर वाचूच नये. तो एका माणसाचा असतो.

एक पदवी, पाच हिशेब

‘गणितज्ञ’ या नावाच्या नोकऱ्या जगात कुठेही थोड्याच. गणिताचे पदवीधर दुसऱ्या नावांनी काम करतात, आणि प्रत्येक नावामागे पुढचा खर्च वेगळा आहे. म्हणून एकच ४५ न धरता फांद्या पाडा.

शिक्षकी पेशाला बहुतेक ठिकाणी पदवीच्या वर एक-दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं; ती वर्षं खर्चाच्या बाजूला जातात, आणि एक जादा वर्ष काय करतं ते वर पाहिलंच. बदल्यात पगार कमी चढतो पण पडतही नाही. विमागणिताचं, म्हणजे ॲक्चुअरीचं उलटं आहे. परीक्षांची मालिका कित्येक वर्षं चालते, पण बहुतेक जण ती नोकरी करता करता देतात आणि अनेक कंपन्या परीक्षेची फी आणि अभ्यासाची रजाही देतात. त्यामुळे बुडालेला पगार जवळजवळ शून्य. किंमत मोजावी लागते ती संध्याकाळ आणि शनिवार-रविवारची. सॉफ्टवेअर आणि डेटा विश्लेषणात जादा पदवी लागत नाही, पण तिथे तुमची स्पर्धा संगणकशास्त्राच्या मुलांशी आहे आणि त्यांनी तीन वर्षं प्रोग्रॅम लिहिले आहेत.

पदव्युत्तर पदवी पगार वाढवते की फक्त नोकरीचा प्रश्न दोन वर्षं पुढे ढकलते, हे जाहिराती वाचून ठरवा: तुम्हाला हव्या त्या पदांच्या पन्नास जाहिराती काढा आणि किती ठिकाणी ती ‘आवश्यक’ म्हटली आहे ते मोजा. पीएचडीला बऱ्याच ठिकाणी विद्यावेतन मिळतं, म्हणून ती फुकट वाटते. फुकट नाही. विद्यावेतन आणि तोवर मिळाला असता तो पगार यांतलं अंतर चार ते सहा वर्षं खर्चात धरायचं, आणि विद्यापीठातल्या कायम जागा पीएचडीधारकांपेक्षा फार कमी आहेत हेही.

प्रत्येक फांदीला शक्यता द्या, गुणा, बेरीज करा. शक्यता अंदाजाच्याच असतील. तरी आवडत्या फांदीला शंभर टक्के देण्यापेक्षा त्या बऱ्या.

कर्ज असेल तर

आधी एक नियम: फी एकदाच मोजायची. खर्चात फीही धरली आणि हप्तेही धरले, तर तोच पैसा दोनदा गेला. हप्ते मोजायचे असतील तर कर्जातून भरलेली फी काढून टाका.

२०० एककांचं कर्ज, वर्षाला ९ टक्के, दहा वर्षांत फेड: महिन्याचा हप्ता २.५३, एकूण ३०४. पण सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली, शिकताना हप्ते नाहीत आणि तीन वर्षं व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेलं, तर २०० चे २६२ होतात, हप्ता ३.३२ आणि एकूण ३९८. ‘शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही’ याचा अर्थ ‘व्याज नाही’ असा क्वचितच असतो. करारात तेवढं एक वाक्य शोधा. शिकताना निदान व्याज भरत राहणं जमलं तर भरा, आणि फी दर वर्षी लागते तर कर्जही दर वर्षी थोडं थोडंच उचला.

९ टक्के हा महागाईसकटचा दर आहे आणि वरचा ५ टक्क्यांचा बट्टा महागाई सोडून. ते थेट शेजारी ठेवू नका. महागाई ५ टक्के असेल तर १.०९ भागिले १.०५, म्हणजे खरा दर ३.८ टक्के. तेव्हा कर्जामुळे एकूण हिशेब सहसा बुडत नाही. अडचण पहिल्या काही वर्षांच्या रोकडीची. सुरुवातीचा १२० चा पगार तीन वर्षांच्या महागाईने १३९ झाला असं धरलं, तरी वर्षाचे सुमारे ४० हप्त्यांत जातात: २९ टक्के. घरभाडं भरून हे झेपेल का ते आधी बघा. मंदीत पदवी हातात आली तर सुरुवातीचा पगार कमी असतो आणि हप्ता मात्र तोच.

४५ वाढवायचे कसे

पदवीचं नाव तेच राहून विषयांच्या निवडीने फरक पडतो. अभ्यासक्रमाची यादी काढून या गोष्टी शोधा: संभाव्यता आणि तिच्यावर बेतलेलं गणिती संख्याशास्त्र, रेषीय बीजगणिताची दोन सत्रं, संख्यात्मक विश्लेषण, इष्टतमीकरण, आणि प्रोग्रॅमिंगची निदान दोन सत्रं. यांतलं प्रोग्रॅमिंग नसेल तर दुसऱ्या विभागातून घेता येतं का ते प्रवेशाआधी लेखी विचारा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, विद्यापीठात सहसा शिकवत नाहीत, ते महिनाभरात स्वतः शिकता येतं आणि विश्लेषकाच्या मुलाखतीत बऱ्याचदा ते विचारतात. टोपॉलॉजी किंवा गॅल्वा सिद्धांत यांसारखं शुद्ध गणित घेऊ नका असं नाही. ज्यांना पुढे संशोधन करायचं त्यांना ते लागतंच. पण सगळे ऐच्छिक विषय त्या बाजूचे आणि नोकरी मात्र लगेच हवी, हे जुळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतली एक खरी उमेदवारी (इंटर्नशिप) आणखी एका ऐच्छिक विषयापेक्षा मोलाची.

गणिताची गोडी हीसुद्धा किंमत आहे, पण ती पगाराच्या ओळीत मिसळू नका. वेगळी ठेवा. शिल्लक उणे ५० आली, तर तीन वर्षं गणितात घालवण्यासाठी मी ५० मोजेन का, एवढंच विचारा. ‘हो’ हे उत्तरही चालतं.

अर्ध्यावर आल्यावर

हिशेब दर वर्षी नव्याने करा, आणि तेव्हा गेलेला पैसा मोजू नका. पहिलं वर्ष संपल्यावर पुढे २७३ खर्च उरतो आणि समोरची मिळकत त्या दिवशीच्या किमतीत ७०० असते, शिल्लक ४२७. दुसरं वर्ष संपल्यावर १४० च्या समोर ७३५. शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर तर वर्षाला जेमतेम ९ एकक जादा मिळणार असतील तरी पूर्ण करणं परवडतं. नावडीमुळे सोडायचं असेल तर ते पहिल्या वर्षाअखेरीस. त्यानंतर खरा प्रश्न एकच उरतो, राहिलेले विषय एका वर्षात निघतील का. दोन वर्षं लागणार असतील तर १४० च्या जागी २७३ लिहा, कमाई एक वर्ष पुढे सरकवा आणि पुन्हा बघा.